अर्धी गाडी, किती किंमत? तीन गावांत विखुरलेल्या फियाटची आणि विम्याची गोष्ट

लोकलमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा, कारण आजची गोष्ट मध्य रेल्वेवरचीच आहे. कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या चार स्टेशनांच्या आसपास आज आपण एक गाडी शोधणार आहोत. सापडते का बघू.

समजा, बदलापूरच्या एका मुलाने १९७२ सालची फियाट घेतली. आजोबांकडे तशीच होती, म्हणून जीव जडला. आता ती गाडी पुन्हा उभी करायचं काम चालू आहे. बॉडी उल्हासनगरला कॅम्पात एका डेंटरकडे आहे, पत्रा उघडा, लांबी भरायची बाकी. इंजिन अंबरनाथ एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे बोअरिंगला गेलंय. सीटा कुशनवाल्याकडे. दिवे, बंपर आणि डॅशबोर्डचे काटे बदलापूरला घरात, पलंगाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून.

ही गाडी मी कल्पनेने रचली आहे. पण कुठल्याही जुन्या गाडीवेड्याला विचारा, तो म्हणेल, अरे ही तर माझीच!

प्रश्न असा आहे. दोन वर्षांत या पोराने साडेतीन लाख घातलेत. आज रात्री धो धो पाऊस झाला आणि डेंटरच्या शेडमध्ये छातीपर्यंत पाणी आलं, तर त्याला किती पैसे मिळतील?

उत्तर ऐकायच्या आधी थोडं मागे जाऊया. कारण "अर्ध्या झालेल्या वस्तूची किंमत किती" हा प्रश्न गाड्यांपेक्षा खूप जुना आहे.

गाडी इथेच का?

आधी गाडी. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला कायमची रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला तिचे फोटो होते. ती गाडी मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या, मग फियाट. सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. पुढे नव्वदच्या दशकात याच कंपनीच्या भागीदारीतून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ सुद्धा बनली. म्हणजे गाडी बनवणं ही आपल्या बाजूला नवलाईची गोष्ट नव्हती.

आता ही तीन गावं बघा. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळपास १ लाख माणसं इथल्या बराकींमध्ये राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कॅम्पाचं उल्हासनगर झालं. आजही लोक पत्ता सांगताना "कॅम्प नंबर ३", "कॅम्प नंबर ४" असंच सांगतात. हाताशी जे आहे त्यातून वस्तू उभी करायची, ही या गावाची सवयच. फर्निचर, जीन्स, काहीही सांगा, इथे कोणीतरी बनवून देतो.

अंबरनाथला १९५० च्या दशकात सरकारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि या पट्ट्यात छोटे कारखाने वाढले. टर्नर, फिटर, ग्राइंडर अशी हाताने काम करणारी माणसं इथे स्थायिक झाली. म्हणून जुन्या गाडीचा एखादा पार्ट कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळाला नाही, तर तो अंबरनाथच्या लेथवर बनवून मिळतो.

आणि बदलापूर? तिथे राहायला परवडतं. शिवाय लोक सांगतात की पूर्वी या वाटेवर घोडे बदलायचे म्हणून बदलापूर. खरं-खोटं सोडा, पण वाहनाशी नातं जुनं आहे म्हणायला हरकत नाही.

अर्ध्या गाडीला गाडी म्हणायचं का?

आता कायद्याकडे येऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात "मोटार वाहन" म्हणजे काय याची व्याख्या आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की जिच्यावर अजून बॉडी चढवलेली नाही अशी नुसती चासीसुद्धा मोटार वाहनात धरायची. ट्रक-बससाठी हे सोयीचं आहे, कारण कारखान्यातून चासी निघते आणि बॉडी दुसरीकडे बांधतात.

पण आपली फियाट? तिला वेगळी चासीच नाही! बॉडी हाच सांगाडा. जुन्या जीपमध्ये खाली चासी आणि वर बॉडी असा दोन तुकड्यांचा हिशेब असतो. फियाटमध्ये तसं नाही. म्हणून डेंटरकडे उभा असलेला तो उघडा पत्रा हीच कायद्याच्या डोळ्यात गाडी. नंबर त्याच्यावर, ओळख त्याची. अंबरनाथचं इंजिन हा तिचा सुटा भाग.

आणि इथे पहिली मेख. आपल्याकडच्या कार पॉलिसीचा ठरलेला मजकूर गाडीला संरक्षण देतो, आणि ॲक्सेसरीजना देतो ते "गाडीवर असताना". पलंगाखालचे दिवे गाडीवर नाहीत. लेथवर चढवलेलं इंजिन गाडीत नाही. ते तिथून चोरीला गेलं, तर कंपनीशी वाद घालायची तयारी ठेवा.

किंमत ठरवायची कशी? १८८३ आणि १९०६

अर्ध्या वस्तूची किंमत तीन तऱ्हेने सांगता येते. एक, मी किती घातले. दोन, आज आहे तशी विकली तर किती येतील. तीन, पुन्हा याच टप्प्यापर्यंत आणायला किती लागतील.

मालकाच्या डोक्यात पहिला आकडा असतो. बाजाराच्या डोक्यात दुसरा, आणि अर्ध्या गाडीच्या बाबतीत तो फार कमी असतो. दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम कोण घेणार? भंगारवाला "पेटीसकट वजनावर देतो का?" असं विचारतो ना, तोच तो आकडा.

विमा कोणता आकडा धरतो? इंग्लंडमध्ये १८८३ साली कॅस्टेलन विरुद्ध प्रेस्टन नावाचा खटला झाला. भांडण घराच्या आगीचं होतं. न्यायालयाने सांगितलं की विमा म्हणजे भरपाई. नुकसान झालं तेवढं मिळेल, त्याहून एक पैसा जास्त नाही. हे तत्त्व आजही विम्याच्या मुळाशी आहे. म्हणजे तुमचे कष्ट, तुमच्या रविवारच्या सुट्ट्या, आजोबांची आठवण, यांचे पैसे त्यात नाहीत.

पण एका धंद्याला हे तत्त्व नुसतं पुरत नव्हतं. तो धंदा म्हणजे जहाजं. जहाज बांधायला वर्षं लागतात. आधी नुसता सांगाडा, मग फळ्या, मग पाण्यात सोडणं. मालक टप्प्याटप्प्याने पैसे देतो. मधेच आग लागली तर? म्हणून दर्यावर्दी विम्यात दोन गोष्टी मान्य झाल्या. बांधकाम चालू असलेल्या जहाजाचाही विमा उतरवता येतो. आणि दोन्ही बाजूंनी आधीच किंमत ठरवून पॉलिसीत लिहिली, तर फसवणूक नसेल तेव्हा तीच किंमत अंतिम. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात दोन्ही आहे, आणि भारताचा १९६३ चा कायदा त्याच वळणावर चालतो.

गंमत बघा. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या विम्यात आज हॅगर्टी हे मोठं नाव आहे. ती कंपनी १९८४ साली सुरू झाली ती लाकडी बोटींच्या विम्यासाठी! गाड्या नंतर आल्या. म्हणजे "आधी ठरवलेली किंमत" ही कल्पना दोन्हीकडे पाण्यातूनच वर आली.

आपल्याकडे काय झालं?

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला, आणि तो भाग प्रत्यक्ष लागू झाला १ जुलै १९४६ ला. लक्षात घ्या, हा विमा तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. तुमच्या गाडीचं काय झालं याची कायद्याला तेव्हाही पर्वा नव्हती, आजही नाही. स्वतःच्या गाडीचा विमा ऐच्छिक. म्हणून अनेक जण जुन्या गाडीला फक्त "थर्ड पार्टी" काढतात आणि समजतात विमा आहे. पुराच्या पाण्याला त्या कागदाचा काही उपयोग नाही.

२००२ पर्यंत मालक स्वतः अंदाजे किंमत सांगायचा आणि प्रीमियम त्यावर भरायचा. पण गाडी पूर्ण गेली की कंपनी म्हणायची, आज बाजारभाव तेवढा नाही. मग भांडणं. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार टॅरिफने यावर तोडगा काढला, आयडीव्ही. म्हणजे पॉलिसीत लिहिलेली किंमत. गाडी पूर्ण गेली तर तीच बाजारभाव समजायची.

ही किंमत काढतात कशी? नव्या गाडीच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून. ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के. कोष्टक तिथे संपतं. ५ वर्षांपुढच्या आणि बंद पडलेल्या मॉडेलच्या गाड्यांसाठी एकच वाक्य आहे. किंमत कंपनी आणि ग्राहक यांनी आपसांत ठरवायची.

हे एक वाक्य म्हणजे आपल्या फियाटसाठी उघडं दार आहे. पण बहुतेक जण त्या दारातून आत जातच नाहीत. नूतनीकरणाच्या वेळी फोनवर विचारतात, "किती धरू?" आपण म्हणतो, "कमीत कमी धरा, प्रीमियम कमी येऊ दे."

आता आपला हिशेब करू. समजा आयडीव्ही धरली ६०,००० रुपये. पोराने घातलेत ३,५०,०००. पूर आला, दुरुस्तीचा अंदाज १,२०,००० निघाला. नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी पूर्ण गेली असं धरतात. ६०,००० चे ७५ टक्के म्हणजे ४५,०००. आपण त्याच्या कितीतरी वर. म्हणजे हातात फार तर ६०,०००, त्यातूनही ठरलेली किरकोळ कपात. सांगाडा स्वतःकडे ठेवायचा म्हटलं तर त्याची किंमत आणखी वजा. २,९०,००० पाण्यात. अक्षरशः!

बरं, आयडीव्ही जास्त धरली आणि थोडंच नुकसान झालं, तरी एक काटा आहे. पार्ट बदलताना धातूच्या भागांवर घसारा गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. १० वर्षांपुढे ५० टक्के. रबर आणि प्लॅस्टिकवर वय काहीही असो, ५० टक्के. मागच्या महिन्यात नवा पत्रा कापून मडगार्ड बनवलं असेल, तरी कोष्टकाच्या नजरेत ते पन्नास वर्षांचंच. कोष्टक वरून खाली उतरतं आणि तुमची गाडी खालून वर चढतेय. सगळा घोळ इथे आहे.

डेंटरची जबाबदारी किती?

"मग डेंटरने भरून द्यावं!" असं वाटतं. यासाठी १८७२ चा करार कायदा. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवून घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. तेवढी घेतली असेल तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी हा सगळा पट्टा बुडवला, तेव्हा कुणाकुणाला जबाबदार धरणार होतात? २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तिथे एका शेडची काय कथा.

डेंटरकडे स्वतःचा आगीचा-पुराचा विमा असला, तरी पारंपरिक पॉलिसीत दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेला माल वेगळा लिहिला नसेल तर तो धरत नाहीत. म्हणजे त्याचं वेल्डिंग मशीन सुरक्षित आणि तुमची फियाट उघडी. उलट तोच कायदा कारागिराला एक हक्क देतो. मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा. तेव्हा डेंटरशी गोड बोला आणि हिशेब चुकता ठेवा.

"कस्टम" म्हटलं की वाट फुटते

जुन्या टॅरिफमध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी खास सोय होती, ठरवलेली किंमत आणि प्रीमियममध्ये २५ टक्के सूट. पण ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांनाच. १९७२ ची फियाट तिथे पोरगीच.

मग जुलै २०२१ मध्ये केंद्राने नवे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, नव्या नोंदणीला "व्हीए" अक्षरांची प्लेट. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अट आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार चालणार नाही. आणि रोज ऑफिसला न्यायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

म्हणजे आपल्या पोराला ठरवायचंय. मूळ इंजिन अंबरनाथहून परत आणून बसवायचं की एखाद्या नव्या गाडीचं टाकायचं? मूळ ठेवलं तर व्हिंटेजची वाट उघडी. बदललं तर कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जिथे मुभा आहे तिथेही आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे पक्कं केलं. आरसीवर एक इंजिन आणि गाडीत दुसरं, असं असेल तर दाव्याच्या दिवशी सर्व्हेयरला तुम्ही स्वतःच कारण हातात दिलंत.

कागद नसेल तर काय होतं, हे कॅम्पाला माहीत आहे

आता शेवटची गोष्ट, आणि ती गाडीची नाही.

उल्हासनगरला आलेल्या कुटुंबांनी सिंधमध्ये घरं, दुकानं, शेती मागे सोडली होती. १९५० साली निर्वासितांच्या दाव्यांचा कायदा झाला. मागे काय राहिलं ते लिहून द्या, सरकार तपासेल. १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरली. पण पूर्ण किंमत नाही. एका सामाईक निधीतून, ठरलेल्या प्रमाणात. दावा जितका मोठा, तितका टक्का कमी. अनेकांना भरपाई रोख नाही, तर राहत्या बराकीच्या किमतीत वळती करून मिळाली.

विचार करा. सीमेपलीकडे राहिलेल्या दुमजली घराची किंमत कशी सांगायची? घर दाखवता येत नाही. त्याला लावलेला सागवान दाखवता येत नाही. हातात असेल तो कागद, आणि ओळखणारी माणसं. ज्याने निघताना ट्रंकेत खरेदीखत टाकलं त्याची बाजू भक्कम. ज्याने दागिने टाकले आणि कागद विसरला, त्याला आयुष्यभर "आमचं एवढं होतं" असं सांगत बसावं लागलं.

फियाटची तुलना त्या दुःखाशी नाही करायची मला. पण नियम तोच आहे. जी वस्तू आता दाखवता येत नाही, तिची किंमत फक्त कागदात उरते.

म्हणून जहाजवाल्यांकडून शिका आणि टप्प्यांची वही करा. प्रत्येक टप्प्याला तारीख, फोटो, बिल. चासी नंबर दिसेल असा फोटो. इंजिन लेथवाल्याकडे दिलं तेव्हा त्याच्याकडून इंजिन नंबर लिहिलेली साधी पोचपावती. डेंटरला रोख दिले तरी सही घ्या. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, परवानाधारक सर्व्हेयर किंवा मूल्यांककाकडून "आज या टप्प्यावर किंमत एवढी" असं लेखी घ्या आणि ते विमा कंपनीपुढे ठेवा. २००२ चं ते "आपसांत ठरवा" वाक्य तेव्हा कामाला येतं. गाडी उभीच राहणार असेल, तर बंद ठेवलेल्या गाडीसाठी आग-चोरीपुरतं संरक्षण मिळेल का तेही विचारा, टॅरिफमध्ये तशी सोय होती. पण त्यात पूर येतो का हे वाचून बघा, आपल्याकडे खरा शत्रू पाणी आहे. सुटे भाग घरी असतील तर घराच्या विम्यात त्यांची यादी जाते का ते बघा. आणि सगळ्याची एक प्रत ढगात, म्हणजे क्लाउडवर. पावसाच्या ढगात नाही!

तर सुरुवातीचा प्रश्न. आज रात्री पूर आला तर पोराला किती मिळतील? आज, ६०,००० च्या आत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत वही भरली, किंमत ठरवून घेतली, तर कदाचित जवळपास सगळे. फियाट तीच, पत्रा तोच, डेंटर तोच. फरक एका वहीचा.

तुमच्या घरी, गावी, शेडमध्ये अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर आज घरी गेल्यावर एवढंच करा. ताडपत्री वर करा, चासी नंबर पुसा आणि एक फोटो काढा. पहिलं पान झालं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. उतरताना घाई करू नका, बदलापूर आलं की सगळेच उतरतात.